माईक बदलण्याआधी काय करून पाहावे? घरगुती ध्वनिमुद्रणाविषयी

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी एकट्याने कथावाचनाचे ध्वनिमुद्रण करतो आहे. वाचणारा मीच, यंत्रे सांभाळणारा मीच आणि नंतर कान लावून चुका काढणाराही मीच. या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘कोणता माईक घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. ध्वनिमुद्रणाचा दर्जा ज्या क्रमाने ठरतो त्यात पहिले स्थान तोंड आणि माईक यांतील अंतराचे, दुसरे खोलीचे, तिसरे पातळीचे आणि त्यानंतर केव्हातरी माईकचे येते. मी स्वतः हा क्रम नेमका उलटा पाळला. दोन माईक बदलूनही माझा आवाज विहिरीतून आल्यासारखाच ऐकू येत होता, म्हणून हा धागा काढतो आहे.

अंतराचे गणित साधे आहे. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे केले की माईकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डीबीने (डेसिबलने) वाढतो, पण भिंतींवर आपटून परत येणारा आवाज जवळपास आहे तेवढाच राहतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आलात, तर खोलीच्या घुमण्याच्या तुलनेत तुमचा आवाज १२ डीबीने पुढे येतो. एवढा फरक कोणताही महागडा माईक त्याच जागी ठेवून मिळत नाही. मोजपट्टी शोधण्याची गरज नाही: कंडेन्सर माईक (वीज लागणारा, अधिक संवेदनशील) असेल तर अंगठा आणि करंगळी ताणून होणारी एक वीत आणि डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, कमी संवेदनशील) असेल तर चार बोटांपासून अर्ध्या वितीपर्यंतचे अंतर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

मात्र फार जवळ जाण्याचेही तोटे आहेत. एका दिशेने ऐकणाऱ्या, म्हणजे कार्डिऑइड प्रकारच्या माईकजवळ तोंड नेले की खालचे स्वर फुगतात. आकाशवाणीवरच्या निवेदकासारखा भारदस्त आवाज त्यामुळे मिळतो खरा, पण वाचताना मान थोडी जरी मागेपुढे झाली तरी तो भारदस्तपणा येतो-जातो आणि ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या व्यक्ती बोलत असल्याचा भास होतो. त्यामुळे अंतर किती ठेवावे याहून ते शेवटपर्यंत तेवढेच राहील हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. संहिता डोळ्यांच्या उंचीवर ठेवली, तर मान खाली जात नाही आणि पान उलटण्याचा आवाजही टळतो.

पातळीबाबत थोडक्यात सांगतो. २४ बिटमध्ये मुद्रण करा आणि बोलण्यातील सर्वांत मोठी उसळी उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहील असा गेन (माईकचा संकेत वाढवण्याची मात्रा) ठेवा. कमी पातळीवर झालेले मुद्रण नंतर वाढवता येते. शून्यावर, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेवर, जाऊन फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही.

माझ्या या क्रमाशी कोणी असहमत असल्यास जरूर लिहावे. विशेषतः खोलीविषयी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

तारेवरची_कसरत

क्रम मान्य आहे, परंतु डायनॅमिक माईकविषयी एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे, त्याची भर घालतो. ‘डायनॅमिक माईक खोलीचा आवाज घेत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः डायनॅमिक आणि कंडेन्सर हे दोन्ही कार्डिऑइड असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर खोलीचे प्रमाण दोहोंत बरेचसे सारखेच येते. डायनॅमिक माईकची संवेदनशीलता कमी असल्याने आपण नाइलाजाने त्याच्या जवळ जातो, आणि खोली मागे पडते ती त्या जवळिकीमुळे. म्हणजे श्रेय पुन्हा मंद्रसप्तक यांच्या अंतरालाच जाते.

या कमी संवेदनशीलतेची दुसरी बाजूही विकत घेण्यापूर्वी पाहावी. शूअरचा एसएम७बी निवेदकांच्या तोंडासमोर नेहमी दिसतो म्हणून अनेकांना तो हवा असतो, पण त्याची संवेदनशीलता उणे ५९ डीबीव्ही इतकी कमी आहे. सौम्य बोलणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी ६० डीबीच्या आसपास गेन लागतो. साध्या इंटरफेसचा (माईक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचा) गेन तिथवर नेला की त्याच्या प्रवर्धकाची स्वतःची सळसळ ऐकू येऊ लागते आणि मग लोक माईकला दोष देतात. १९६६ साली बाजारात आलेला एसएम५८ आजही व्यासपीठांवर वापरला जातो आणि जवळून बोलल्यास कथावाचनालाही तो चालतो, फक्त त्याच्या जाळीवर बाहेरून फोमची टोपी चढवावी. कंडेन्सर माईकला मात्र इंटरफेसवरील ४८ व्होल्टचे फँटम पॉवरचे (तारेतून माईकला वीज पुरवण्याचे) बटण दाबावे लागते. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण ‘नवा माईक बंद निघाला’ अशा तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी मी त्या एका बटणाने मिटवल्या आहेत.

दोन_ओळी

माझी अडचण खोलीचीच आहे. खोली ३ मीटर लांब आणि तेवढीच रुंद आहे. चारही भिंतींवर ५ सेंटिमीटर जाडीचा फोम लावला, टेबल बरोबर मधोमध ठेवले आणि अंतरही एक वीतच राखले. टाळी वाजवली तर आता घुमत नाही, परंतु आवाज डब्यातून आल्यासारखा कोंदट येतो आणि बाहेरच्या वाहनांचा आवाज तर पूर्वीइतकाच येतो. एवढा फोम लावूनही हे का व्हावे?

निःशब्द

दोन_ओळी, आपण दोन वेगळी कामे एकाच वस्तूवर सोपवली आहेत, आणि त्यांतले एक काम त्या वस्तूला मुळात येतच नाही.

बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे वजनाचे आणि फटी बुजवण्याचे काम आहे. जाड भिंत, भरीव दार, खिडकीच्या कडांना घट्ट बसणारी रबराची पट्टी यांनी ते होते. हवा जिथून शिरते तिथून आवाजही शिरतो. फोम हलका आणि सच्छिद्र असल्याने त्यातून आवाज सहज आरपार जातो. फोमचे काम खोलीच्या आत निर्माण झालेला पडसाद शोषणे एवढेच आहे, आणि तेही तो अर्धवटच करतो.

अर्धवट का, ते तरंगलांबीवरून कळते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर होते आणि शोषक थर पुरेसा परिणामकारक होण्यासाठी तो तिच्या चतुर्थांशापर्यंत, म्हणजे ८५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचावा लागतो. आपला ५ सेंटिमीटरचा फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचे स्वर चांगले खातो आणि दोनशेच्या खाली जवळपास निरुपयोगी ठरतो. परिणामी टाळीचा चटका गेला, आवाजातील उजळपणाही गेला आणि खालची घुमघुम मात्र तशीच उरली. आपण ज्याला कोंदटपणा म्हणता तो हाच.

त्यात खोली चौरस आहे आणि आपण मधोमध बसता. ३ मीटर अंतरावरील दोन समांतर भिंतींमध्ये ५७, ११४, १७१ हर्ट्झ अशा ठरावीक स्वरांना अनुनाद मिळतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचे अनुनाद एकमेकांवर चढतात. खोलीच्या बरोबर मध्यावर ५७ आणि १७१ हर्ट्झ जवळपास नाहीसे होतात आणि ११४ हर्ट्झ सर्वाधिक फुगतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सामान्यतः ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे आपली जागा नेमकी नको तिथे आहे.

उपाय असा करून पाहा. टेबल मध्यापासून हलवून लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर न्या आणि भिंतीला समांतर न ठेवता थोडे तिरके ठेवा. भिंतीवरील निम्मा फोम काढून टाका. त्याऐवजी जाड रजया, कापसाची गादी किंवा घड्या घातलेली जाड पांघरुणे वापरा, आणि ती भिंतीला चिकटवण्याऐवजी मध्ये वीतभर पोकळी सोडून टांगा. त्या पोकळीमुळे तोच थर खालच्या स्वरांवरही काम करू लागतो. पुस्तकांनी गच्च भरलेले कपाट, कपड्यांचे उघडे कपाट किंवा जाड पलंग त्या खोलीत असेल तर उत्तमच.

शेवटचा मुद्दा असा की पहिली रजई कुठे टांगायची, याबाबत बहुतेक जण चुकतात. ती माईकच्या मागे लावली जाते. पण कार्डिऑइड माईक मागच्या बाजूने जवळपास बहिरा असतो. त्याचे तोंड आपल्याकडे आणि आपल्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. म्हणून पहिली रजई वाचणाऱ्याच्या पाठीमागे हवी, दुसरी डोक्यावर, आणि माईकच्या मागची सर्वांत शेवटी. संगणकासारखा आवाज करणारा आणि हलवता न येणारा स्रोत असेल, तर माईकची पाठ त्याच्याकडे करावी.

मंद्रसप्तक

निःशब्द यांच्या शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. मी तीन वर्षे माईकच्या मागे अर्धगोल ढाल उभी करून बसत होतो आणि माझ्या पाठीमागे उघडी भिंत होती!

कानोसा

मी संपादनाचे काम करते, इतरांनी मुद्रित केलेले आवाज माझ्याकडे येतात. त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळ्या बाजूचे आहे.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण इंग्रजीतील मार्गदर्शनात ती सापडत नाही. तिथे ‘प’ हा सर्वांत उपद्रवी वर्ण मानलेला असतो, कारण त्या भाषेत शब्दारंभीचा ‘प’ श्वासासह उच्चारला जातो. आपला ‘प’ बराच कोरडा आहे. आपल्याकडे झोत सुटतो तो महाप्राण व्यंजनांतून. तोंडापुढे तळहात धरून ‘पाऊल’ म्हणावे आणि लगेच ‘भोपळा’, ‘फणस’, ‘खिडकी’ असे शब्द म्हणून पाहावे. हाताला जाणवणारा झोत माईकच्या पडद्यावर आदळला की ‘धप्प’ असा आवाज मुद्रित होतो. जाळीचा पॉप फिल्टर त्यावर उपयोगी आहेच, पण माईक तोंडासमोरून तीस-चाळीस अंश बाजूला सरकवून त्याचे टोक ओठांच्या कडेकडे रोखले, तर झोत त्याच्या शेजारून निघून जातो आणि आवाजात फारसा फरक पडत नाही.

दुसरा मराठमोळा त्रास म्हणजे ‘चमचा’, ‘चूल’, ‘जहाज’ यांतील दंत्य ‘च’ आणि ‘ज’. ‘स’ आणि ‘श’ यांच्या जोडीने हे वर्ण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात टोचतात. डी-एसर (असे टोचणारे वर्ण दाबणारे साधन) लावताना केवळ ‘स’ ऐकून मात्रा ठरवली की हे ‘च’ बोथट होतात आणि वाचणारा बोबडे बोलत असल्यासारखे वाटते. म्हणून चाचणीसाठी दोन्ही प्रकारचे शब्द असलेला परिच्छेद निवडावा. माईक किंचित बाजूला असला तर हा त्रासही मुळातच कमी होतो.

वाचकांना माझी विनंती आहे की मुद्रणाच्या सुरुवातीला किंवा शेवटी तीस सेकंद अगदी स्तब्ध बसून खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी. वाक्यांमधले श्वास किंवा खोकला कापल्यावर तिथे पूर्ण निःशब्दता ठेवली, तर ऐकणाऱ्याला खड्डा पडल्यासारखे जाणवते. त्या खड्ड्यात हीच शांतता भरावी लागते. तसेच चूक झाल्यावर थांबू नये. एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणावे. पडद्यावर त्या टाळीचा उभा सुळका लांबूनही दिसतो आणि संपादनाचा वेळ कितीतरी वाचतो.

खरखर काढून टाकणारी साधने आता पुष्कळ झाली आहेत आणि ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीतही तशी सोय आहे. परंतु ती एकदम २० डीबीवर नेली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मी ६ ते १० डीबीच्या पुढे जात नाही. त्यापेक्षा मुद्रणाआधी पंखा बंद करण्याला अर्धा मिनिट लागतो.

तारेवरची_कसरत

पंख्याबरोबर वीजप्रवाहाची गुणगुणही तपासावी. ज्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ती ५०, १००, १५० हर्ट्झवर आणि जिथे ६० हर्ट्झची आहे तिथे ६०, १२०, १८० हर्ट्झवर सापडते. लॅपटॉप काही वेळ बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे. माईकसाठी संतुलित, म्हणजे एक्सएलआर जोडणीचीच तार वापरावी. तिच्यातून एकच संकेत सुलट आणि उलट अशा दोन वाटांनी जातो आणि पलीकडे दोहोंतील फरक घेतला की वाटेत दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट आपोआप वजा होतो. ती तार विजेच्या तारेला समांतर न पसरता, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

बोलका_पोपट

आम्ही दोघे जण गप्पांचा कार्यक्रम करतो. कधी एका खोलीत बसतो, कधी दोन वेगळ्या गावांतून बोलतो. एका खोलीत दोन माईक लावले की आवाज पोकळ का येतो? आणि दूरच्या मुद्रणात तासाभराने दोघांचे आवाज मागेपुढे होतात, त्यावर उपाय काय?

निःशब्द

पोकळपणाचे कारण असे आहे की आपला आवाज आपल्या माईकमध्ये आधी आणि जोडीदाराच्या माईकमध्ये किंचित उशिरा पोहोचतो. दोन्ही मुद्रणे मिसळली की काही स्वर एकमेकांना मारतात. जुना आडाखा असा आहे की आपल्या तोंडापासून आपला माईक जेवढा दूर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवे. प्रत्येकाने वीतभर अंतरावरून बोलावे, समोरासमोर बसावे म्हणजे प्रत्येक माईकची पाठ दुसऱ्याकडे होते, आणि संपादन करताना जो बोलत नाही त्याची पट्टी (ट्रॅक) खाली आणावी. दोन्ही आवाज दोन वेगळ्या पट्ट्यांवर घेतलेले असतील तरच हे शक्य आहे, म्हणून मुद्रण करतानाच त्यांना एकत्र करू नये.

दूरच्या संभाषणासाठी इंटरनेटवरून आलेला आवाज मुद्रित न करता प्रत्येकाने आपापला आवाज आपल्याच यंत्रावर मुद्रित करावा आणि नंतर दोन्ही जुळवावेत. मागेपुढे होण्याचे कारण म्हणजे कोणत्याही दोन यंत्रांची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत २० भाग एवढा नगण्य फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद साचतात, आणि संभाषणात तेवढे कानाला खटकते. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी एकत्र टाळी वाजवावी. पहिल्या टाळीवर दोन्ही पट्ट्या जुळवून शेवटच्या टाळीत पडलेला फरक एक पट्टी किंचित ताणून काढता येतो, किंवा दर दहा-पंधरा मिनिटांनी एखाद्या शांत जागी कापून सरकवता येतो. दोन्ही यंत्रांवर ४८ किलोहर्ट्झ हाच नमुनादर (सॅम्पल रेट) ठेवलेला आहे, हे मात्र आधी पाहावे.

दोघांनीही तारेचे हेडफोन वापरावेत. ब्लूटूथ हेडफोनचा माईक सुरू झाला की त्याचा एकूण आवाज टेलिफोनच्या दर्जावर घसरतो.

दोन_ओळी

निःशब्द यांनी सांगितल्याप्रमाणे टेबल हलवले, पाठीमागे दोन रजया वीतभर पोकळी सोडून टांगल्या आणि अर्धा फोम उतरवला. कोंदटपणा बराच गेला आहे. वाहनांचा आवाज पहाटे मुद्रण करून टाळतो आहे. आता प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे: तयार ध्वनिफीत इतरांच्या कार्यक्रमांपेक्षा हळू वाजते. सगळी पट्टी शून्यापर्यंत वाढवली तरीही हळूच वाटते.

कानोसा

कारण शून्यापर्यंत पोहोचते ती आपल्या एखाद-दुसऱ्या हास्याची किंवा ठसक्याची उसळी असते. कानाला जाणवणारा मोठेपणा सरासरीवर ठरतो. तो एलयूएफएस या एककात मोजतात. त्याच्या मोजणीची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस.१७७० या शिफारशीत मांडली आणि २०१० साली युरोपच्या प्रसारण संघाने प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस हे लक्ष्य ठरवले. पॉडकास्ट गोंगाटातही ऐकले जात असल्याने तिथे पातळी याहून मोठी असते: ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आणि सर्वोच्च उसळी उणे १ डीबीच्या आत ठेवण्याची आहे. स्पॉटिफाय वाजवताना साधारण उणे १४ वर आणते. श्राव्यपुस्तके एसीएक्सकडे (ऑडिबलसाठी श्राव्यपुस्तके स्वीकारणाऱ्या मंचाकडे) द्यायची असतील तर निकष वेगळे आहेत: सरासरी उणे २३ ते उणे १८ डीबी आरएमएस, उसळी उणे ३ च्या आत आणि शांततेतील गोंगाट उणे ६० डीबीच्या खाली.

माझा नेहमीचा क्रम असा असतो. आधी ८० हर्ट्झच्या खालचे सर्व काही कापते, कारण तिथे बोलण्याऐवजी टेबलाचे हादरेच असतात. मग कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारे साधन) ३:१ या प्रमाणात लावते आणि मोठ्या शब्दांवर ३ ते ६ डीबी एवढीच कपात होऊ देते. त्यानंतर डी-एसर, आणि शेवटी लिमिटर (उसळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारे साधन) उणे दीडवर ठेवून एकूण मोठेपणा लक्ष्यापर्यंत नेते. उणे एकऐवजी उणे दीड घेण्याचे कारण असे की एमपी३ करताना उसळ्या किंचित वाढतात.

दोन_ओळी

मोजून पाहिले. पूर्वीची फीत उणे २७ एलयूएफएसवर होती, आता उणे १६ वर आली आहे. मात्र एक गोष्ट घडली: आवाज वाढवल्याबरोबर पार्श्वभूमीतली सळसळही वर आली, जी पूर्वी जाणवत नव्हती.

मंद्रसप्तक

११ डीबी वाढवलेत म्हणजे सळसळही ११ डीबीने वाढणारच, आणि कॉम्प्रेसरने त्यात आणखी थोडी भर घातली असेल. आपल्या कच्च्या मुद्रणातील शांततेचा तुकडा मोजून आकडा इथे द्यावा. तो उणे ६० च्या वर असेल, तर पंखा, संगणक आणि इंटरफेसचा गेन या क्रमाने शोधू. आणि माईक अजून एक वीतभर अंतरावरच असेल, तर पुढच्या वेळी चार बोटे आणखी जवळ घेऊन तेवढाच गेन कमी करून पाहावा.

दोन_ओळी

उणे ५४ आला. संगणक टेबलाखाली होता, तो लांब तारेने दाराबाहेर ठेवल्यावर उणे ६१. माईक आज संध्याकाळी जवळ घेतो.